दिव्याआडचा काजवा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, जांब समर्थ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'आकाशातील एक शोध' असे मोघम सांगितले. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. त्यांचा संशय रास्त होता. मी बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि भूगोल शिकविणारा माणूस. विज्ञानाचे शिक्षक समोर बसलेले असताना मी ताऱ्यांवर बोलावे, हे उलटेच आहे. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो मला एका मुलीने दिला आहे, आणि तिचे देणे माझ्याकडे बाकी आहे.

ती मुलगी तेव्हा आठवीत होती. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर दोन रकाने काढले. एकात तारे, स्वयंप्रकाशी. दुसऱ्यात ग्रह, परप्रकाशी. मुले वहीत उतरवून घेत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दोन्हींच्या मधलं काही नसतं का? तारा व्हायला निघालेलं, पण झालंच नाही, असं?" तास संपायला पाच मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "पुस्तकात दोनच आहेत. बस खाली." वर्ग हसला. ती बसली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या काही दिवस आधी तिचे वडील मला रस्त्यात भेटले होते आणि म्हणाले होते, "सर, पोरगी फार सवाल करते, जरा समजावा तिला." मी "समजावतो" म्हणालो होतो. त्याप्रमाणे मी समजाविले, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. मला ते जाणवलेदेखील नाही, कारण शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग अशी माझी समजूत होती. तिचे वडील आज या सभेत बसलेले आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगतो आहे.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पुस्तकात नव्हते, पण जगात होते. मी तिला खाली बसविले त्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे, १९९५ साली, 'दोन्हींच्या मधले' सापडले होते. ज्या मंडळींना ते सापडले त्यांच्यातील एकाचा जन्म आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली झालेला. श्रीनिवास कुलकर्णी हे त्यांचे नाव. वडील शल्यचिकित्सक, शालेय शिक्षण हुबळीला, नंतर दिल्लीची आय. आय. टी. आणि तेथून अमेरिका. विद्यार्थिदशेतच, १९८२ साली, सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा एक तारा ज्यांनी शोधला त्या गटात ते होते. पुढे ते कॅलिफोर्नियाच्या 'कॅलटेक' या संस्थेत प्राध्यापक झाले. आज मी सांगणार आहे ती गोष्ट तिथली.

प्रथम हे 'मधले' म्हणजे काय ते पाहू. वायूचा प्रचंड ढग स्वतःच्याच भाराने आकसत जातो, मध्यभाग तापत जातो, आणि वजन पुरेसे असेल तर तेथे हायड्रोजनचा हेलियम होऊ लागतो. मग तो तारा अब्जावधी वर्षे जळत राहतो. वजन अपुरे पडले तर ही भट्टी कायमची पेटत नाही. आकसताना आलेली ऊब असते तेवढीच. चुलीवरून उतरविलेला तवा जसा काही वेळ गरम राहतो आणि हळूहळू निवतो, तसा तो गोळा निवत जातो. हे गणिताने प्रथम मांडणाऱ्यांत भारतात जन्मलेले शिव कुमार हे शास्त्रज्ञ होते. १९६३ साली त्यांनी दाखविले की, सूर्याच्या साधारण सात-आठ शतांश वजनाखाली तारा पेटत नाही. आपल्या सूर्यमालेतील गुरू हा ग्रह माप म्हणून घेतला, तर सूर्य म्हणजे सुमारे हजार गुरू आणि ही सीमा म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी गुरू. १९७५ साली जिल टार्टर या विदुषींनी अशा गोळ्यांना जे इंग्रजी नाव दिले, त्याचे मराठी 'तपकिरी बटुतारा' असे होते. बटू म्हणजे ठेंगणा. नाव मिळाले, गणित तयार झाले, पण वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. अशी वीस वर्षे गेली.

आता ती शोधावयाची कोठे? निवत चाललेला तवा अंधारात लांबून दिसणार नाही, तेव्हा जवळ पाहिले पाहिजे. आपल्या शेजारपाजारचे बहुतेक तारे, चारांतले तीन म्हणा, तांबडे बटुतारे आहेत. ते खरे तारे आहेत, त्यांची भट्टी पेटलेली आहे, पण मंद आहे. इतकी मंद की, त्यांच्यापैकी एकही आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. रात्री आपण जे आकाश पाहतो ते मोठ्या लोकांचे आकाश आहे, गल्लीतले गरीब शेजारी त्यात दिसतच नाहीत. पण शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने हे शेजारी सोयीचे. एक तर ते जवळ, आणि दुसरे म्हणजे त्यांचा स्वतःचाच उजेड बेताचा, म्हणून त्यांच्या बाजूला असलेली मंद वस्तू त्यात तितकीशी बुडून जात नाही.

विल्हेल्म ग्लीसे नावाच्या जर्मन ज्योतिर्विदाने १९५७ साली अशा जवळच्या ताऱ्यांची यादी छापली. शाळेच्या हजेरीपटासारखीच ती यादी, नाव नाही, नुसता क्रमांक. आपली गोष्ट क्रमांक २२९ची आहे. 'ग्लीसे २२९' हा एक तांबडा बटुतारा. त्याचा प्रकाश आपल्याकडे पोहोचावयास सुमारे एकोणीस वर्षे लागतात.

अशा ताऱ्यांचे मंद जोडीदार सापडल्याची आवई पूर्वीही उठली होती. बर्नार्डचा तारा हा आपला अगदी जवळचा तांबडा बटुतारा. त्याला ग्रह आहे असे पीटर व्हॅन डी कँप यांनी १९६३ साली जाहीर केले होते. अनेक वर्षे लोकांनी ते खरे मानले. तारा डुलतो आहे असे त्यांना छायाचित्रांच्या काचांवर दिसत होते. पण त्यांच्या दुर्बिणीच्या भिंगात मधूनमधून फेरफार झालेले होते, आणि पुढे दुसऱ्यांनी दुसऱ्या दुर्बिणींनी तपासले तेव्हा ते डुलणे सापडले नाही. त्यानंतर १९८४ साली आणखी एका तांबड्या बटुताऱ्याशेजारी तपकिरी बटुतारा दिसल्याची बातमी आली. चर्चा झाली, कौतुक झाले. दोन-तीन वर्षांत इतरांनी तेथे पाहिले, तर जागा रिकामी. या मंडळींनी लबाडी केली असे कोणी म्हणत नाही. त्यांनी मेहनत केली होती. परंतु फार मंद वस्तू पाहताना डोळा आणि मन दोन्ही फसतात.

हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. दरवर्षी एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबच्या सुमारास आपण गच्चीवर चढतो. पश्चिमेला नखाएवढी कोर शोधायची असते आणि तिथेच सूर्याचे तेज असते. कोर सूर्याच्या इतकी जवळ की, सूर्य वर असेतो ती दिसणे शक्य नाही. सूर्य जमिनीआड जाऊ द्यावा लागतो. तेवढ्यात एखादा मुलगा "दिसला, दिसला" म्हणून ओरडतो. मग एखादे बुजुर्ग त्याला जवळ बोलावून विचारतात, कोठे दिसला, किती वर होता, टोके कोणत्या बाजूला होती, ढग होते का, आणि तुझ्याशिवाय आणखी कोणी पाहिला? कोणी त्या मुलाला खोटारडा म्हणत नाही. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर गावाची ईदही ठरत नाही. शहादत घेतली जाते.

पॅलोमार पर्वतावरच्या वेधशाळेत जे केले गेले ते यापेक्षा फार वेगळे नाही. तेथे साठ इंच व्यासाची दुर्बीण आहे. कुलकर्णी, तादाशी नाकाजिमा हे जपानी संशोधक, संशोधक विद्यार्थी असलेल्या रिबेका ओपनहाइमर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी त्या दुर्बिणीला एक उपकरण जोडले. त्यात दोन करामती होत्या. पहिली अशी की, ताऱ्याच्या प्रतिमेवर बरोबर एक लहानशी चकती धरावयाची, म्हणजे ताऱ्याचा उजेड झाकला जाईल आणि बाजूचे दिसेल. सूर्य जमिनीआड गेल्यावर कोर दिसते, तसेच हे. समोरून ट्रक येत असेल तर त्याच्या दिव्याशेजारचा काजवा दिसत नाही, पण हाताचा पंजा त्या दिव्यावर आडवा धरा, कदाचित दिसेल. दुसरी करामत हवेविरुद्धची. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून पाहिले की पलीकडचे झाड हलते, तसे आपल्या हवेतून पाहताना तारे सतत थरथरतात आणि चकतीखालून निसटतात. म्हणून एक आरसा सेकंदाला कित्येक वेळा किंचित कलवून ती थरथर परतवून लावावयाची.

या उपकरणाने त्यांनी जवळचे तारे एकेक करून तपासावयास घेतले. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ग्लीसे २२९ झाकून घेतलेल्या चित्रात बाजूला एक ठिपका उमटला.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. कल्पना करा, सारे जग वीस वर्षे जी वस्तू शोधत आहे, ती आपल्या चित्रात आली आहे. जगात दुसरे गट त्याच शोधात आहेत. उद्या कोणी आपल्या आधी जाहीर केले तर नाव त्यांचे होईल. अशा वेळी या मंडळींनी काय केले? वर्षभर थांबले.

थांबण्याचे कारण साधे होते. ठिपका ताऱ्याशेजारी दिसतो म्हणजे तो ताऱ्याचा सोबती आहे असे नव्हे. मागे फार दूरवर असलेला एखादा भलताच तारा त्याच दिशेला आला, तरी चित्र असेच दिसेल. घनसावंगीच्या बसस्थानकावर दोन माणसे शेजारी उभी आहेत, ती एकमेकांची कोण, हे उभ्या असलेल्या अवस्थेत सांगता येत नाही. बस आल्यावर दोघे एकाच बसमध्ये चढले आणि एकाच गावी उतरले, तर काही म्हणता येईल. ग्लीसे २२९ हा तारा आकाशात हळूहळू सरकतो आहे. वर्षाला किती? सहा किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे आपल्याला जेवढे दिसेल, साधारण तेवढे. ठिपका मागचा असेल तर तो मागे राहील. सोबती असेल तर बरोबर सरकेल. हे पाहावयास वर्ष जावेच लागते, त्याला दुसरा उपाय नाही.

१९९५च्या सप्टेंबरात पुन्हा पाहिले. तारा सरकला होता आणि ठिपकाही त्याच्याबरोबर तेवढाच सरकला होता. ही पहिली शहादत.

दुसरी शहादत त्याच डोंगरावरच्या मोठ्या, दोनशे इंची दुर्बिणीने दिली. तिने ठिपक्याचा प्रकाश पसरवून पाहिला, तर त्यात मिथेन वायूची खूण मिळाली. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना मिथेन परका नाही, शेगडीत निळा जळतो तो तोच. आता, ताऱ्याच्या वातावरणात मिथेन टिकू शकत नाही, तेथील उष्णतेत त्याचे तुकडे होतात. मिथेन आहे म्हणजे वस्तू ताऱ्याच्या मानाने थंड आहे. गुरू ग्रहावर मिथेन आहे. पण ही वस्तू गुरूएवढी थंडही नव्हती. लोहाराच्या भट्टीतून काढलेले गडद लाल लोखंड जेवढे तापलेले असते, साधारण तेवढी ती तापलेली होती. तिचे तेज सूर्याच्या एक लक्षांशाहून कमी. म्हणजे तारा नव्हे आणि ग्रहही नव्हे. माझ्या फळ्यावरच्या दोन रकान्यांच्या मधली जी खडूची रेघ होती, नेमकी त्या रेघेवर बसणारी.

१९९५च्या ऑक्टोबरात इटलीतील फ्लॉरेन्स येथे परिषद होती, तेथे हे सांगण्यात आले. गंमत अशी की, सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडल्याची घोषणाही त्याच परिषदेत झाली. ३० नोव्हेंबरला 'नेचर' या नियतकालिकात लेख छापून आला. त्याच महिन्यात हबल दुर्बिणीने अवकाशातून चित्र घेतले आणि ठिपका जागेवरच होता. वस्तूला 'ग्लीसे २२९ बी' असे नाव पडले. जगातील पुस्तकांत ती पहिला निर्विवाद तपकिरी बटुतारा म्हणून गेली. आपल्या पुस्तकात गेली नाही, ही वेगळी गोष्ट.

येथवरची हकीकत मला माहीत असती तर मी त्या मुलीला सरळ उत्तर देऊ शकलो असतो. पण ती मला माहीत झाली २०२४च्या ऑक्टोबरात, वर्तमानपत्रातील एका बातमीवरून. ती बातमी मूळ शोधाची नव्हतीच, पुढच्या गोष्टीची होती, आणि ही पुढची गोष्ट मला पहिल्यापेक्षाही मोलाची वाटते.

एखादे लहान मूल बापाचे हात धरून गरगर फिरते तेव्हा बापही थोडा हलतो. मूल जेवढे जड तेवढा बाप जास्त हलतो. ग्लीसे २२९ हा तारा आपल्या सोबत्यामुळे किती हलतो, हे उपग्रहांनी टिपलेल्या त्याच्या अचूक जागांवरून काढता आले, आणि सोबत्याचे वजन कळले. ते निघाले सुमारे सत्तर गुरूंएवढे. शास्त्रज्ञ अडचणीत आले. इतकी जड वस्तू इतकी मंद असू नये. शेकोटीत मोठा ओंडका टाकला तर सकाळी तो अजून धगधगत असतो, त्याच वजनाचे दोन तुकडे करून टाकले तर ते लवकर निवतात. सत्तर गुरूंचा एकच ओंडका एव्हाना याहून बराच तेजस्वी असायला हवा होता. वजन म्हणत होते एक, उजेड म्हणत होता दुसरेच. हिशोब जुळत नव्हता.

आपल्यापैकी जे दुकान चालवतात त्यांना ठाऊक आहे की, रात्री गल्ला मोजताना हिशोब जुळला नाही तर दोन प्रकारची माणसे असतात. एक म्हणतो, जाऊ द्या, थोडाच फरक आहे. दुसरा दिवा पुन्हा लावतो. येथे काही लोक दिवा लावून बसले. कॅलटेकमधील जेरी शुआन हे संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशातल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जोडून पाहिला. कॅलटेकमधल्याच दुसऱ्या एका गटाने वेगळ्या मार्गाने तेच तपासले. उत्तर एकच आले. ग्लीसे २२९ बी ही एक वस्तू नव्हतीच. त्या दोन आहेत. एक अडतीस गुरूंची, दुसरी चौतीस गुरूंची, आणि दोघी एकमेकींभोवती सुमारे बारा दिवसांत एक फेरी घालतात. आपल्यापासून चंद्र जितका दूर आहे, त्याच्या साधारण सोळापट अंतर त्यांच्यामध्ये आहे. आणि ही जोडी मिळून त्या तांबड्या ताऱ्याभोवती फिरते, त्या फेरीला दोनशेहून अधिक वर्षे लागतात. आता वजन आणि उजेड यांचा मेळ बसला.

बातमी वाचली त्या रात्री मला ती मुलगी आठवली. ती तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवशी मी कात्रण घेऊन वर्गात गेलो आणि सांगितले की, गेल्या वर्षी हिने एक प्रश्न विचारला होता, मी तिला बसविले होते, तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे. वर्गात कोणी हसले नाही. मुलांना काय करावे ते समजेना, शिक्षक असे बोलल्याचे त्यांनी पाहिले नसावे. मी ही सारी हकीकत आता तुम्हाला सांगितली तशीच त्यांना सांगितली, चाँदच्या शहादतीचा दाखलाही तेव्हाच सुचला.

सांगून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी तिचा हात वर गेला. तिने विचारले, "सर, मग १९९५चे लोक चुकले होते का? एक वर्ष थांबूनसुद्धा?"

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, आणि या वेळी मी "बस खाली" म्हणालो नाही. "उद्या सांगतो" म्हणालो. रात्री विचार केला तो असा. १९९५ साली त्यांनी काय सांगितले होते? ठिपका ताऱ्याबरोबर सरकतो, हे सांगितले. ते आजही खरे आहे. त्यात मिथेन आहे, तो ताऱ्याइतका तापलेला नाही, हे सांगितले. तेही खरे आहे. जे मोजले तेच सांगितले. एक की दोन, हे मोजण्याची सोय त्यांच्या उपकरणात नव्हती. साठ इंची दुर्बिणीला ते दोन एकच दिसणार. एक ठिपका दिसला म्हणून सर्वांनी एक वस्तू धरली. त्यांनीही धरली, मलाही तसेच वाटले असते. चूक म्हणावयाची तर ती धरून चालण्यात होती, पाहण्यात नव्हती. पण त्यांनी मोजमापे उघडी लिहून ठेवली होती, म्हणूनच हिशोब जुळत नाही हे पुढच्यांना दिसू शकले. हेच मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले. तिचे समाधान पूर्ण झाले असे वाटले नाही. "पण सर, दोन असतील असं तेव्हा कोणी विचारलंच नसेल का?" असे ती म्हणाली. असेल, विचारलेही असेल. विचारणाऱ्याला कोणी खाली बसविले नसावे अशी आशा.

श्रीनिवास कुलकर्णी यांना त्याच २०२४ साली शॉ पारितोषिक मिळाले, त्यांच्या दुसऱ्या कामांबद्दल. त्यांच्याविषयी वाचताना माझ्या मनात आले ते एवढेच की, कुरुंदवाड काही मोठे शहर नव्हे. जांब म्हटले की बाहेरचे लोक रामदासस्वामींचे जन्मगाव म्हणून ओळखतात, आणि तो मान गावाला आहेच. पण आकाश येथून जेवढे दिसते तेवढे पुण्या-मुंबईच्या मुलाला दिसत नाही. वीज गेली की तर विचारू नका. विजेच्या कारभाराचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे.

आणि एक सवय मला आपल्या समाजाबद्दल बोलून दाखवावीशी वाटते. अशा विषयावर बोलू लागले की कोणीतरी उठून सांगतो, ताऱ्यांची नावे तर आपल्याच बुजुर्गांनी दिली. खरे आहे. ग्लीसे २२९ ज्या तारकासमूहात आहे त्याला मराठीत शशक म्हणतात, ससा. त्यातल्या सर्वांत ठळक ताऱ्याला साऱ्या जगात 'अर्नेब' म्हणतात, तो आपला 'अल्-अर्नब', अरबीतला ससा. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इस्फहान येथे ९६४ सालच्या सुमारास ताऱ्यांवरचे जे पुस्तक लिहिले, त्यात हा ससा आहे. पण त्या पुस्तकाचे मोठेपण नावांत नाही. टॉलेमीच्या जुन्या यादीतील ताऱ्यांचे तेज आणि रंग त्यांनी स्वतः आकाशाकडे पाहून तपासले आणि जेथे फरक आढळला तेथे तसे लिहिले. आपण नावे सांगून थांबतो. तपासण्याचे काम मात्र पॅलोमारवर चालते.

ती मुलगी आता दहावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे. पुढे विज्ञान घ्यावयाचे तर गावाबाहेर जावे लागेल, बसचा प्रश्न आहे, राहण्याचा प्रश्न आहे, खर्च तर आहेच. घरात अजून काही ठरलेले नाही. गेल्या आठवड्यात तिचे वडील मला भेटले आणि म्हणाले, "सर, तुमचं काय मत?" मी म्हणालो, "भाईसाहेब, मागे तुम्ही मला तिला समजावायला सांगितलं होतं आणि मी ते फार वाईट रीतीने केलं. आता मला उलट सांगायचं आहे. तिला पाठवा. बसचा पास आणि वसतिगृहाचा अर्ज या दोन गोष्टी मी बघतो." ते काही बोलले नाहीत. "घरी विचारतो" एवढेच म्हणाले. आज ते पहिल्या दोन रांगांत बसले आहेत, ही मी चांगली खूण समजतो, पण एका खुणेवर काही ठरवायचे नसते हे आत्ताच मी तुम्हाला सांगितले आहे.

कार्यक्रम संपल्यावर आणि ईशाची नमाज झाल्यावर, रात्री दहाच्या सुमारास, ज्यांना थांबता येईल त्यांनी शाळेच्या मैदानावर यावे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की मृग नक्षत्र उंचावर दिसेल. त्याच्या डावीकडे खाली, सर्वांत तेजस्वी दिसतो तो व्याध. सूरह अन्-नज्ममध्ये ज्या शिअरा ताऱ्याचा उल्लेख आहे तो हाच. हात सरळ लांब करून मूठ धरा. व्याधापासून एक मूठ अंतरावर, खाली उजवीकडे, जी जागा रिकामी दिसते, तेथे ग्लीसे २२९ आहे. नुसत्या डोळ्यांना तेथे काही दिसणार नाही. शाळेकडे हातात धरावयाची एक दुर्बीण आहे. तिच्यातून तो तारा बारीक टिकलीसारखा दिसू शकतो, त्याचे दोन सोबती मात्र तिच्यातूनही दिसणार नाहीत. मैदानावरचा मोठा दिवा बंद ठेवण्याबद्दल मी शिपायांना सांगितले आहे. दुर्बीण एकच आहे, म्हणून रांग लावावी लागेल. लहान मुले आधी, मग बायका, मग आपण. थंडी आहे, स्वेटर घालून या.